मराठवाड्यातल्या दुष्काळ-अतिवृष्टीवर संशोधन करायचं असेल तर बीएस्सीनंतर काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परभणीत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, विषय भौतिकशास्त्र आणि गणित. मराठवाड्यातला दुष्काळ आणि अतिवृष्टी यांवर संशोधन करायचं आहे. शिक्षण कोणतं घ्यावं, पुढे नोकरी लागते का, आणि हे सगळं इथे राहून होईल का?

शेवटचं आधी सांगतो. शिकायला बाहेर पडावंच लागेल. पण प्रश्न मराठवाड्याचा घेऊन बाहेर पडलात तर तुमची किंमत वेगळी राहील. हवामानाचं संगणकी मॉडेल चालवणारे बरेच भेटतात. महसूल मंडळातला (म्हणजे काही गावांच्या गटातला) पर्जन्यमापक काय मोजतो नि काय चुकवतो हे ठाऊक असलेला आणि मॉडेलही चालवू शकणारा माणूस क्वचित सापडतो.

आधी काम काय असतं ते बघा. उद्या पाऊस येईल का, हे सांगणारे वेगळे. टोकाच्या हवामानावर काम करणाऱ्यासमोर प्रश्न असतात ते असे: सप्टेंबर २०२१ मध्ये 'गुलाब' चक्रीवादळाचे अवशेष मराठवाड्यावरून गेले आणि मांजराकाठ पाण्याखाली गेला, तेवढा पाऊस सरासरी किती वर्षांनी येतो? हवा तापल्यामुळे त्यात किती भर पडली? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या टंचाईत कमी पावसाचा वाटा किती आणि उपशाचा किती? २००६ मध्ये हवामानशास्त्रज्ञ बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी मध्य भारतात मुसळधार पावसाच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या असं दाखवलं. २०१७ मध्ये हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी कोल यांच्या गटानं १९५० ते २०१५ या काळात तिथे विस्तृत अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीनं वाढल्याचं मांडलं. हे निष्कर्ष मोठ्या पट्ट्याचे आहेत. ते तसेच्या तसे उचलून आष्टीला किंवा किनवटला लावता येत नाहीत. काम तिथून सुरू होतं.

आणि त्या कामाचा निम्म्याहून जास्त वेळ आकडे साफ करण्यात जातो. तुमचा पिंड त्याला मानवतो का, हे प्रवेश घेण्याआधी घरीच तपासा. खर्च शून्य आहे.

भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर १९०१ पासूनचा दैनंदिन पाऊस अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटींत मोफत मिळतो. एका वर्षाची बायनरी फाइल सुमारे २५ एमबीची असते. आत १३५ गुणिले १२९ चौकटी असतात आणि नोंद नसेल तिथे उणे ९९९ लिहिलेलं असतं. हा उणे ९९९ आधी काढला नाही तर सरासरी ऋण येते. नवख्याची पहिली ठेच इथेच. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं 'आयएमडीलिब' हे पॅकेज फाइल सरळ वाचतं. परभणीसाठी १९.२५ उत्तर, ७६.७५ पूर्व हा बिंदू घ्या. १९९१ ते २०२० च्या जून-सप्टेंबरमध्ये ६४.५ मिमी किंवा जास्त पावसाचे दिवस किती, आणि २.५ मिमीपेक्षा कमी पावसाच्या सलग दिवसांचा सर्वांत मोठा खंड किती, ते दर वर्षाचं काढा. पीकविम्यात २१ दिवसांचा खंड का महत्त्वाचा धरला जायचा ते मग आलेखावरच दिसेल.

आता हे आकडे राज्य शासनाच्या मंडळनिहाय पावसाशी ताडून बघा. चौकटीत अतिवृष्टीचे दिवस कमी भरतील. कारण साधं आहे: पाव अंशाची चौकट म्हणजे साधारण ७३० चौरस किमी. मराठवाडा सुमारे ६४ हजार चौरस किमीचा, म्हणजे अशा ८५-९० चौकटींत संपला. महसूल मंडळं मात्र चारशेहून जास्त. एका मंडळात २०० मिमी कोसळला आणि शेजारची कोरडी राहिली, तर चौकटीत तो ७०-८० दिसतो किंवा त्याहून खाली जातो. शेतकऱ्याचं नुकसान मात्र २०० चं. त्यामुळे 'अतिवृष्टी वाढली का?' या प्रश्नाचं उत्तर मोजमापाच्या आकारावर हेलकावतं, आणि प्रबंधात पहिलं प्रकरण याचंच लिहावं लागतं.

मग मंडळाचाच डेटा का वापरू नये? महावेध प्रकल्पाची राज्यभरातली दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं २०१७ नंतरची. आठ-नऊ वर्षांच्या नोंदींवर शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाचा अंदाज काढणं म्हणजे थट्टा. शिवाय स्वयंचलित पर्जन्यमापकात छोटी वाटी भरून उलटते. पाऊस फार जोराचा असला की उलटताना काही पाणी मोजणीतून निसटतं. नरसाळ्यात धूळ, पाला, कोळिष्टक अडकलं तर पाऊस उशिरा उतरतो किंवा उतरतच नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे बंद पडलेलं केंद्र कधी कधी शून्य लिहून ठेवतं. शेजारच्या चार मंडळांत ४० मिमी आणि मधल्यात शून्य दिसलं, तर तो शून्य पाऊस नव्हे, बिघाड समजून तपासा. आणि एक: १९०१ पासूनच्या चौकटींमागची केंद्रं दर वर्षी तीच नव्हती. केंद्रं बदलली की कल खोटा दिसू शकतो.

तारखेचा घोळ तर ठरलेला. आपल्याकडे दिवसाचा पाऊस सकाळी ८.३० ला मोजतात. २८ तारखेचा आकडा म्हणजे २७ च्या ८.३० पासून २८ च्या ८.३० पर्यंतचा. 'ईआरए५' हा युरोपीय डेटा जागतिक वेळेनुसार तासातासाचा असतो. तो रात्री बारा ते बारा असा जोडला की एका वादळाचे दोन दिवस होतात. आपले सकाळचे ८.३० म्हणजे जागतिक वेळेचे ०३, म्हणून ०३ ते ०३ तास असा जोडला की जुळतो. ढगफुटीचंही तसंच. तासाला सुमारे १०० मिमी आणि तेही वीस-तीस चौरस किमीत, हा तिचा निकष. टीव्हीवर रोज एक ढगफुटी होते, पण दैनंदिन आकड्यांवरून ती सिद्धही करता येत नाही नि खोडताही येत नाही.

हे सगळं वाचून कंटाळा न येता हात शिवशिवले, तर पुढे जा.

बीएस्सीला गणित सोडू नका. अवकल समीकरणं आणि संख्याशास्त्र पक्कं करा, पायथॉन आणि लिनक्स सवयीचं करा. एमएस्सी-एमटेकसाठी पुणे विद्यापीठाचा वातावरण व अवकाशशास्त्र विभाग जवळचा. कोचीन विद्यापीठ आणि विशाखापट्टणमचं आंध्र विद्यापीठ इथे हवामानशास्त्र जुनं आहे. आयआयटी दिल्ली, मुंबई, खरगपूर, भुवनेश्वर आणि बंगळूरची आयआयएससी हेही रस्ते आहेत. भौतिकशास्त्रात एमएस्सी करून पीएचडीला इकडे वळलं तरी चालतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कृषी हवामानशास्त्र आहे, पण ती वाट मुख्यतः कृषी पदवीधरांची. नांदेडच्या विद्यापीठातलं भूशास्त्र संकुल पाणी आणि दुष्काळाच्या अंगानं उपयोगी पडू शकतं. परीक्षा दोन लक्षात ठेवा: सीएसआयआर-नेटमधला पृथ्वी-वातावरण-महासागर विज्ञानाचा पेपर, आणि गेटच्या अभियांत्रिकी विज्ञान पेपरमधला वातावरण व महासागर विभाग. पीएचडीसाठी पुण्यात पाषाणची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, म्हणजे आयआयटीएम, या विषयाचं देशातलं मोठं केंद्र आहे. दक्षिण आशियाच्या प्रादेशिक हवामान प्रक्षेपणांचं (पुढच्या दशकांच्या हवामान-अंदाजांचं) काम तिथे चालतं.

पैशाचं स्पष्ट सांगतो. २०२३ पासून कनिष्ठ फेलोशिप महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी वरिष्ठ ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. ती दर महिन्याला वेळेवर येईलच असं धरू नका. तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा. पीएचडीला पाच वर्षं, नंतर पोस्टडॉकची (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाची) दोन-चार वर्षं, म्हणजे कायम नोकरी तिशीच्या पुढे. ती सरकारी संस्थेत लागली तर 'सायंटिस्ट-सी' स्तरावर मूळ वेतन ६७,७०० पासून. घरची जबाबदारी लवकर अंगावर येणार असेल तर हवामान विभागातलं वैज्ञानिक साहाय्यक पद बघा. भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी प्रथम वर्गात लागते. २०२२ मध्ये ९९० जागा निघाल्या होत्या, पण भरती दरवर्षी नसते. प्रकल्पावरच्या कंत्राटी नोकऱ्यांवर संसार उभा करू नका. देशभरातले १९९ जिल्हा कृषी-हवामान कक्ष २०२४ मध्ये बंद झाले आणि तिथली प्रशिक्षित माणसं रातोरात मोकळी झाली. खासगीत पुनर्विमा (विमा कंपन्यांचा विमा), पीकविमा, सौर-पवन ऊर्जा यांना आपत्तीची जोखीम मोजणारे लोक लागतात. तिथे पगार बरा असतो, शोधनिबंध मात्र फारसे निघत नाहीत.

मॉडेलिंगकडे गेलात तर मराठवाड्याची एक खास अडचण आहे: सह्याद्री. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या आसपास पाऊस, आणि सरळ रेषेत वीसेक किमीवरच्या वाईला हजाराच्या आत. ५० किमीच्या मॉडेलमध्ये हा घाटच सपाट होतो, मग पर्जन्यछायेत मॉडेल नको तितका पाऊस पाडतं. म्हणून डब्ल्यूआरएफ हे प्रादेशिक हवामानाचं मॉडेल २७-९-३ किमी जाळीच्या, एकात एक बसवलेल्या क्षेत्रांत चालवतात. ३ किमीच्या क्षेत्रात कपासी (क्युम्युलस) ढगांचं प्राचलीकरण, म्हणजे ते ढग अंदाजी सूत्रांनी दाखवणं, बंद ठेवायचं. पहिले बारा तास टाकून द्यायचे, कारण तोवर मॉडेल स्थिरावत नाही. बाहेरच्या क्षेत्राची पश्चिम कड अरबी समुद्रात आत न्यायची. ती घाटमाथ्यावर पडली तर कडेवरचा खोटा पाऊस थेट बीड-धाराशिवपर्यंत सरकतो. कालपायरी, म्हणजे मॉडेल एका वेळी जितका काळ पुढे सरकतं तो, सेकंदांत जाळीच्या किमीच्या सहापटीपर्यंत चालते. घाटाच्या उतारावर मॉडेल कोसळलं तर ती चौपटीवर आणा.

मार्गदर्शक शोधताना पाच ओळींचा बायोडेटा आणि 'मला पर्यावरणाची आवड आहे' असं पाठवू नका. वर सांगितलेल्या घरच्या सरावातून निघालेला तुमच्या तालुक्याचा एक आलेख, त्यातला तुम्हाला न उलगडलेला एक प्रश्न आणि कोडची फाइल जोडा. विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपसाठीही हेच चालतं. अर्ज बरेच महिने आधी भरावे लागतात, तेव्हा आलेख वेळेत तयार हवा.