दहा बाजूंचा फासा पतंगासारख्या तुकड्यांचा का असतो?

सगळ्या बाजू एकसारख्या आणि सगळे कोपरेही सारखे, असे सम घन पाचच: ४, ६, ८, १२ आणि २० बाजूंचे. त्यात दहा नाही. १९७४ च्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या सुरुवातीच्या काळात वीस बाजूंच्या फाशावर ० ते ९ दोनदा असत, त्यावर भागायचं.

पाच बाजूंचे दोन पिरॅमिड तळाला तळ लावून चिकटवले तर दहा त्रिकोण मिळतात खरे, पण फासा टेबलावर थांबला की वर बाजू नाही, कड येते. मग आकडा वाचायचा कुठे? खालचा अर्धा भाग ३६ अंशांनी फिरवा: प्रत्येक बाजूसमोर समांतर बाजू येते, मधली कड नागमोडी होते, त्रिकोणांचे पतंग होतात. फार सुंदर तोडगा आहे हा! हातातला फासा उलटून बघा, समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज बहुधा ९ भरेल.