साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर भरपूर वारा असूनही काही पवनचक्क्या थांबलेल्या का दिसतात?

तुम्ही फोंड्याहून साताऱ्याला जाताना पाहिलंत, त्यात दोष दर वेळी चक्कीचाच असतो असं नाही. चक्कीची साधारण ६९० व्होल्टची वीज ट्रान्सफॉर्मर ३३ केव्हीपर्यंत (३३ हजार व्होल्ट) चढवतो, मग ती उपकेंद्रात जाते. तिथला एक ब्रेकर (बिघाड झाला की वीज तोडणारा स्विच) किंवा लाइन बंद पडली की त्यामागच्या सगळ्या चक्क्या थांबतात.

खरी नाजूक गोष्ट व्होल्टेजची. पावसात माडाची झावळी तारेवर पडली की आपल्याकडे दिवे क्षणभर मंद होतात ना? ग्रिडवर, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यावर, असा झटका बसला की जुन्या चक्क्या लगेच त्यापासून सुटतात. नव्यांनी व्होल्टेज घसरून नेहमीच्या फक्त १५ टक्के उरलं तरी ३०० मिलिसेकंद जोडलेलं राहायचं, असा नियम आहे. म्हणून कपॅसिटर बँक (व्होल्टेज सावरणारा संच) आणि रिले (बिघाड ओळखून ब्रेकरला इशारा देणारं उपकरण) यांची देखभाल मला पात्यांइतकीच मोलाची वाटते.