पहिल्या कॅमेऱ्यासाठी मर्यादित पैशांत कोणती लेन्स आणि कोणते फिल्टर घ्यावेत?

आपण इंदूरमध्ये राहता, आपल्याकडे कॅनन १५००डी आणि त्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स आहे, पुढच्या खरेदीसाठी पंधरा हजार रुपये बाजूला ठेवले आहेत, आणि घरची कार्ये, अनंत चतुर्दशीच्या झांक्या (सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक), रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) व अधूनमधून महेश्वरचे घाट आणि पाताळपाण्याचा धबधबा एवढे आपल्याला टिपायचे आहे, असे आपण प्रश्नात लिहिले आहे. दुकानदाराने दाखवलेला लेन्स-फिल्टरचा एकत्रित संच घ्यावा का, असेही आपण विचारले आहे. तो संच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात वाइड आणि टेली म्हणून जी जोडभिंगे देतात ती लेन्सच्या तोंडावर बसवली की चित्राच्या कडा पुसट होतात, आणि रंगीत फिल्टरांचे काम आता कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्सच (रंगांचा तोल साधणारी सोय) करतो. मोठा खर्च दोनच ठिकाणी करावा: कमी उजेडात भरपूर प्रकाश आत घेणारी एक लेन्स, आणि जे काम नंतर संगणकावर करता येत नाही ते करून देणारा एक फिल्टर.

आपल्या किट लेन्सची खरी अडचण रात्री कळते. ५५ मिलिमीटरवर तिचे ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र, एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही; एफचा आकडा जितका लहान तितके हे छिद्र मोठे. त्याऐवजी ५० मिलिमीटर एफ १.८ ची साधी प्राइम (झूम नसलेली) लेन्स लावली, तर तेवढ्याच वेळात नऊपटींहून अधिक प्रकाश सेन्सरपर्यंत, म्हणजे चित्र टिपणाऱ्या भागापर्यंत, पोहोचतो; म्हणजे जिथे किट लेन्सला एक पंधरांश सेकंदाचा शटर (प्रकाश आत घेण्याचा वेळ) लागत होता तिथे एक सव्वाशेअंश सेकंदात काम होते. मिल बंद पडल्या तरी कामगारांनी चालू ठेवलेल्या आपल्याकडच्या झांक्या रात्रभर चालतात, त्यात आखाड्यांचे पट्टे फिरत असतात, आणि पहिल्या शटरला पट्टा फिरवणारा हात नुसता रेघेसारखा उमटतो, तर दुसऱ्याला निदान त्याचा चेहरा तरी ठसठशीत येतो. किट लेन्समध्ये स्थिरीकरण आहे हे खरे, पण ते आपल्या हाताची थरथर सांभाळते. समोरच्या माणसाची हालचाल त्याने थांबत नाही. हा फरक विक्रेते क्वचितच सांगतात.

कॅननची २०१५ साली आलेली ५० मिलिमीटर एफ १.८ एसटीएम ही लेन्स नवी घेतली तरी दहा हजारांच्या आसपास मिळते, आणि आपल्यासाठी मी तीच सुचवीन. मात्र ती घेण्यापूर्वी तिची मर्यादा लक्षात घ्यावी. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यामुळे तिचे दृश्य ८० मिलिमीटरच्या लेन्सइतके अरुंद दिसते. उभ्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत घ्यायचे, तर कॅमेरा उभा धरूनही चार मीटरपेक्षा जास्त मागे सरकावे लागते, आणि दहा बाय दहाच्या खोलीत हळदीचा कार्यक्रम चालू असताना तेवढी जागा कुणाकडेच नसते. अशा वेळी किट लेन्सच लावावी. कॅननची २४ मिलिमीटर एफ २.८ ही चपटी लेन्स खोलीत सोयीची आहे खरी, पण त्या फोकल लेंग्थला (लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्याला) आपली किट लेन्सही साधारण एफ ४ पर्यंत उघडते, त्यामुळे प्रकाशाचा फायदा जेमतेम दुप्पट होतो. ज्यांना प्रामुख्याने घरातले आणि गल्लीबोळांतले फोटो काढायचे आहेत त्यांनी ती अवश्य घ्यावी. आपल्या यादीत रात्रीची मिरवणूक आहे, म्हणून मी ५० च्या बाजूने आहे. आपली गरज नेमकी कोणती हे पाहायचे असेल, तर आतापर्यंत काढलेले फोटो संगणकावर उघडून त्यांच्या माहितीत फोकल लेंग्थ कितीची दिसते ते तपासावे. आपला हात झूमवर कुठे थांबतो हे तिथे लगेच कळते.

सुरुवातीला एफ १.८ वर फोटो काढताना एक गोष्ट सांभाळावी लागते. दीड मीटरवरचा चेहरा टिपताना स्पष्टतेची खोली (पुढेमागे जेवढे अंतर स्पष्ट दिसते ते) जेमतेम सहा सेंटिमीटर असते, म्हणजे डोळा धारदार येतो आणि कान पुसट होतो. कॅमेऱ्याला आपोआप फोकस निवडू न देता मधला बिंदू स्वतः डोळ्यावर ठेवावा, आणि दोन माणसे पुढेमागे उभी असतील तर ॲपर्चर एफ ४ पर्यंत बंद करावे.

आता फिल्टरांबद्दल. लेन्सबरोबर यूव्ही फिल्टर घ्यावाच लागतो, असे जवळपास प्रत्येक काउंटरवर सांगितले जाते. फिल्मच्या काळात त्याला अर्थ होता. डिजिटल सेन्सरच्या पुढे अतिनील किरण अडवणारी काच आधीच बसवलेली असते, त्यामुळे आज हा फिल्टर केवळ एक जादा काच म्हणून काम करतो. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो, म्हणून स्वस्त फिल्टर लावून झांकीच्या बल्बांच्या माळा टिपल्या, तर त्याच माळा चौकटीच्या विरुद्ध बाजूला उलट्या आणि फिक्या ठिपक्यांच्या रूपात उमटतात आणि काळे आकाश खराब होते. रोजच्या वापरात लेन्सचे रक्षण हुडने, म्हणजे तिच्या तोंडावर बसणाऱ्या कड्याने, करावे. हुड धक्का झेलतो, बाजूचा प्रकाशही अडवतो. ५० साठी ईएस-६८ आणि आपल्याकडे १८-५५ आयएस दोन असेल तर तिच्यासाठी ईडब्ल्यू-६०सी हे हुड बसतात, आणि इतर कंपन्यांनी बनवलेले त्याच मापाचे हुड काही शे रुपयांत मिळतात.

याला गेरीचा अपवाद आहे. राजवाड्यासमोर टँकरमधून रंगाचे पाणी आणि यंत्रातून गुलाल उडत असतो, तेव्हा पुढच्या भिंगावर चांगला, बहुस्तरीय लेपाचा संरक्षक फिल्टर असलाच पाहिजे. पण एवढ्याने भागत नाही: आपला कॅमेरा पाण्याला आणि धुळीला बंद केलेला नाही, आणि किट लेन्स झूम करताना पुढेमागे होते तेव्हा हवेबरोबर गुलालही आत ओढते. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीला लेन्सच्या तोंडाएवढे भोक पाडून ती रबराने फिल्टरच्या कडेवर घट्ट बसवावी आणि गर्दीत लेन्स अजिबात बदलू नये. घरी आल्यावर आधी ब्लोअरने, मग मऊ ब्रशने गुलाल काढावा; रुमालाने पुसल्यास त्यातले कण काचेवर ओरखडे उमटवतात.

जो एक फिल्टर मी आग्रहाने सुचवीन तो म्हणजे सर्क्युलर पोलरायझर. पाण्यावरची, पानांवरची आणि ओल्या दगडावरची चकाकी तो काढून टाकतो, आणि त्या चकाकीखाली झाकलेला रंग संगणकावर परत आणता येत नाही, कारण तो फोटोत नोंदलाच गेलेला नसतो. धातूवरची चमक मात्र त्याने जात नाही. आकाशावर त्याचा परिणाम सूर्याशी काटकोनात सर्वाधिक असतो. महेश्वरचे घाट नर्मदेच्या उत्तर तीरावर आहेत. सकाळी नावेतून घाटाकडे तोंड केले की सूर्य उजव्या हाताला येतो, आणि किल्ल्यामागचे आकाश अगदी गडद निळे मिळते. तिथे फिल्टर सावकाश फिरवत पाहावे, कारण पूर्ण फिरवल्यास पाण्यातले किल्ल्याचे प्रतिबिंबही नाहीसे होऊ शकते, आणि ते हवे की नको हा निर्णय आपला असतो. आपल्या किट लेन्सची एक अडचण इथे येते: १८-५५ आयएस दोनचा पुढचा भाग फोकस करताना फिरतो आणि लावलेला कोनही बदलतो, म्हणून आधी फोकस करावा, मग पोलरायझर फिरवावा. किट लेन्सचे आटे ५८ मिलिमीटरचे आणि ५० चे ४९ मिलिमीटरचे आहेत. ५८ चाच फिल्टर घेऊन ४९-५८ ची स्टेप-अप रिंग (लहान आट्यांवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) घेतली की एकाच फिल्टरवर दोन्ही लेन्सचे काम भागते. दोनेक हजारांत लेप असलेला चांगला पोलरायझर मिळू शकतो.

एनडी फिल्टर (फक्त प्रकाश कमी करणारी गडद काच) सध्या राहू द्यावा. पोलरायझरमुळे प्रकाश सुमारे दोन स्टॉपने, म्हणजे एक चतुर्थांशापर्यंत, कमी होतोच, त्यामुळे पाताळपाण्याला पावसाळ्यातल्या ढगाळ उजेडात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि एफ १६ वर साधारण पाव सेकंदाचा शटर मिळतो, आणि पाण्याची धार रेशमी दिसायला तेवढा पुरतो. १८ मिलिमीटरवर स्थिरीकरण चालू ठेवून, कठड्याला टेकून, चार-पाच फोटो काढल्यास एक तरी स्थिर येतो. प्रवाहात उतरून मात्र फोटो काढू नयेत. पाणी अचानक वाढून २०११ साली तिथे जीव गेलेले आहेत.

सिरपूर तलावावरच्या पक्ष्यांचा विचार पुढे मनात आलाच, तर ५५-२५० एसटीएम ही लांबचे जवळ आणणारी लेन्स वापरलेली शोधावी. वापरलेली कोणतीही लेन्स घेताना दोन्ही बाजूंची झाकणे काढून, ॲपर्चर पूर्ण उघडे असताना, मोबाइलचा दिवा एका टोकाकडून तिरका पाडून दुसऱ्या टोकाने आत पाहावे. धुळीचे थोडे कण दिसले तर हरकत नाही, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी असते आणि अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. मग कॅमेऱ्यावर लावून जवळच्या आणि लांबच्या वस्तूवर फोकस होतो का, आणि शटर कॅमेऱ्याला स्वतः निवडू दिला असता वेगवेगळ्या ॲपर्चरला फोटोचा उजेड सारखाच राहतो का, हे दुकानातच तपासावे. आपल्याकडे ही बुरशी पावसाळ्यात वाढते, म्हणून उरलेल्या पैशांतून एक हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या आणाव्यात, आणि जून ते सप्टेंबर लेन्स चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत न ठेवता त्या डब्यात ठेवाव्यात.