गॅस भरपूर, पण शेगडी पेटेना

प्रश्न : आमचं दोन घनमीटरचं गोबरगॅस संयंत्र चार वर्षं छान चाललं. घरच्या कार्यात उरलेला तीसेक किलो भात आणि बुंदी एकदम टाकीत ओतली. दोन दिवस गॅस खूप आला, पण पेटेना. आता गॅसही थांबला, स्लरीला आंबूस वास येतो. टाकी उपसावी लागेल का?

उत्तर : उपसू नका. टाकी आंबली आहे, आणि आंबलेली टाकी बहुधा सावरते.

आत दोन वेगळ्या कुळांचे जीव काम करतात. जिवाणू भात, साखर, शेणातला चोथा फोडून त्यांची आम्लं, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करतात. त्यापुढे मिथेन, म्हणजे गोबरगॅसमधला पेटणारा वायू, करणारे जीव मात्र जिवाणू नव्हेत, ते आर्किया. मिथेनचा साधारण दोन तृतीयांश भाग ॲसिटिक आम्लापासून होतो, उरलेला मुख्यतः हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून. घोळ होतो तो वेगामुळे. आम्ल करणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात. ॲसिटिक आम्लावर जगणाऱ्या आर्कियांना त्यासाठी दोन-तीन दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. बुंदीतली साखर जिवाणूंनी झपाट्याने संपवली, आम्ल साचलं, पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ६.५ च्या खाली गेला की आर्किया काम सोडतात. पहिल्या दोन दिवसांचा गॅस बहुतांशी कार्बन डायऑक्साइड होता, तो पेटणार कसा?

आजपासून शेण, खरकटं सगळं बंद. बाहेर पडणाऱ्या स्लरीत पीएचची पट्टी बुडवून बघा. ६.५ च्या खाली असेल तर दर हजार लिटर स्लरीला अर्धा किलो खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून घाला, ढवळा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. चुना स्वस्त पडतो खरा, पण तो कार्बन डायऑक्साइड शोषून खडूसारखा तळाला बसतो आणि हात सैल सुटला तर पीएच एकदम चढतो. शेजारच्या चालू संयंत्राची शे-दोनशे लिटर ताजी स्लरी झाकलेल्या कॅनमधून आणून घातलीत तर सर्वांत उत्तम. वाळलेली चालणार नाही. प्राणवायू या आर्कियांना सोसत नाही.

पीएच ६.८ च्या वर टिकला आणि शेगडीवर निळी ज्योत आली की १२ किलो शेण तेवढ्याच पाण्यात कालवून रोज सुरू करा. आठवड्याने २५ किलो, मग नेहमीचे ५० किलो. घाई केलीत तर पुन्हा आंबेल. कोणत्याही कारणासाठी टाकीत उतरू नका: आत हायड्रोजन सल्फाइड असतो, प्राणवायू नसतो, माणूस क्षणात कोसळतो.

खरकटं वाईट नाही. पुण्याच्या आरती संस्थेने तर खरकट्यावरच चालणारी छोटी संयंत्रं विकसित केली. तुमच्या टाकीला मात्र रोज एक-दोन किलोपासून सवय लावा.

प्रश्न : आर्किया म्हणजे जुन्या काळचे जिवाणूच ना? आमच्या म्हशीला पेनिसिलिन चालू आहे. तिच्या शेणाने दोन्ही मरतील का?

उत्तर : सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून बराच काळ तसंच मानलं गेलं. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएची तुलना केली, तेव्हा आर्कियांचं कूळच वेगळं निघालं. विशेष म्हणजे त्यांनी तपासलेले ते जीव मिथेन करणारेच होते!

पेनिसिलिन घाव घालतं ते जिवाणूंच्या भिंतीतल्या पेप्टिडोग्लायकॅनच्या बांधणीवर. आर्कियांच्या भिंतीत तो पदार्थच नाही, त्यामुळे ते वाचतात. पण त्यांना खाऊ पुरवणारे जिवाणू मेले की आर्किया उपाशी राहतात आणि गॅस घटतोच. उपचार चालू असेपर्यंत आणि नंतरचा एक आठवडा त्या म्हशीचं शेण उकिरड्यावर टाका.

प्रश्न : गाईच्या पोटात प्रजीवही (एकपेशीय सूक्ष्मजीव) असतात म्हणे. मग ते शेणातून टाकीत येतात का?

उत्तर : फारसे नाहीत. पहिल्या कप्प्यात, म्हणजे रूमेनमध्ये, एका मिलिलिटर रसात लाखभर केसाळ प्रजीव सापडतात, पण पुढे चौथ्या कप्प्यात बहुतेक पचून जातात. रूमेनमध्ये मात्र त्यांची आर्कियांशी घट्ट सोबत असते. प्रजीव हायड्रोजन सोडतात, त्यांच्या अंगाला चिकटलेले किंवा पोटात राहणारे आर्किया तो वापरून मिथेन करतात, आणि गाय तो ढेकरेवाटे बाहेर टाकते.