आई-बाप दोघेही अल्बिनो बोआ, मग एकही पिल्लू अल्बिनो का नाही?

तुमचा प्रश्न असा की, बोआ सापाची मादी अल्बिनो, नरही अल्बिनो, दोघांचे डोळे लालसर, अंगावर काळ्या रंगाचा ठिपकाही नाही. तरी मादी व्याली तेव्हा २१ च्या २१ पिल्लं साधी तपकिरी निघाली. अल्बिनो हा अप्रभावी गुण आहे, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच दिसणारा, आई-बाप दोघांत दिसत असेल तर पिल्लांत उतरणारच, असं तुम्ही वाचलेलं. मग विकणाऱ्याने फसवलं, की मादी आधीच दुसऱ्या कुठल्या नराकडून गाभण होती?

बहुधा दोन्ही नाही. माझा अंदाज आहे की तुमच्या जोडीतला एक साप 'काह्ल' वाणाचा आहे आणि दुसरा 'शार्प' वाणाचा. हे दोन्ही अल्बिनो, दोन्ही अप्रभावी, पण त्यांच्यात बिघडलेली जनुकं वेगळी आहेत.

मी बोआंच्या प्रजननाच्या खोलीत बरीच वर्षं काम केलंय. हा प्रकार पहिल्यांदा पाहिला ती रात्र अजून आठवते. मादी मोठी, पांढऱ्या अंगावर केशरी खोगिरं, म्हणजे पाठीवरचे खोगिरासारखे डाग. पहाटेपर्यंत ती वीत होती. बोआ अंडी घालत नाही, पिल्लं पातळ पारदर्शक पिशवीत गुंडाळलेली बाहेर येतात आणि नाकाने पिशवी फाडून पहिला श्वास घेतात. ओल्या कापडावर एकेक पिल्लू उचलून ठेवताना मी प्रत्येकाच्या डोळ्यांकडे बघत होतो. पहिलं काळ्या डोळ्यांचं, दुसरंही, दहावंही. मध्ये दोन-चार पिवळ्या, न फळलेल्या अंड्यांचे गोळे. शेवटचं पिल्लू आलं तेव्हा खोलीत कोणी बोलत नव्हतं. दोन्ही सापांच्या कागदांवर 'अल्बिनो' एवढंच लिहिलेलं होतं, वाणाचं नाव कुणी विचारलंच नव्हतं. दोन वर्षांची वाट त्या एका न विचारलेल्या प्रश्नापायी वाया गेली.

आता हे होतं कसं ते बघू. सापाच्या कातडीत रंगाच्या पेशी थराथराने असतात. वर पिवळ्या-लाल रंगाच्या, मधे प्रकाश परतवणाऱ्या स्फटिकांच्या, खाली मेलॅनिनच्या, म्हणजे काळ्या-तपकिरी रंगाच्या. अल्बिनो बोआत मेलॅनिन तयार होत नाही, बाकीचे थर जागेवर असतात. म्हणून तो पांढऱ्या कागदासारखा कोरा दिसत नाही. त्याच्या पाठीवरची खोगिरं केशरी-गुलाबी राहतात आणि शेपटीचा लाल रंग उलट उठून दिसतो.

मेलॅनिन मात्र एका झटक्यात बनत नाही. त्यासाठी टायरोसिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम लागतं, ज्या पिशव्यांत ते काम करतं त्यांच्या पडद्यावरची प्रथिनं लागतात, आणखीही बरंच काही. खोलीतला दिवा लागत नाही तेव्हा कधी बटण बिघडलेलं असतं, कधी तार तुटलेली असते. अंधार दोन्ही वेळा सारखाच. दोन सापजातींत हे अगदी स्पष्ट दिसलंय. मक्याच्या सापात, म्हणजे कॉर्न स्नेकमध्ये, मेलॅनिन नसलेला प्रकार ओसीए-टू या जनुकातल्या बिघाडाने होतो, हे जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं. बॉल पायथनमध्ये अल्बिनो होतो तो टायरोसिनेजच्या जनुकातल्या बिघाडाने, हे २०२२ मध्ये ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातल्या गटाने दाखवलं. त्यांनी त्यासाठी पाळणाऱ्यांकडून टाकलेल्या काती मागवल्या होत्या. कातीतून डीएनए मिळतो, सापाला सुईसुद्धा टोचावी लागत नाही.

तुमच्या जोडीकडे परत येऊ. समजा मादी काह्ल आहे. तिच्यात काह्लच्या जागी दोन्ही प्रती बिघडलेल्या, पण शार्पच्या जागी दोन्ही चांगल्या. नराचं नेमकं उलट. पिल्लाला आईकडून काह्लची बिघडलेली आणि शार्पची चांगली प्रत मिळते, बापाकडून काह्लची चांगली आणि शार्पची बिघडलेली. एकाचं बटण चांगलं, दुसऱ्याची तार चांगली, दोन्ही जोडले आणि दिवा लागला. म्हणून पिल्लं तपकिरी, एकही अपवाद नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम बेटसन आणि रेजिनाल्ड पनेट यांना गोड वाटाण्याच्या, म्हणजे स्वीट पीच्या, दोन पांढऱ्या फुलांच्या झाडांचा संकर केल्यावर सगळी जांभळी फुलं मिळाली होती. तुमच्या टबात तेच घडलंय.

दुसऱ्या नराची शंका अगदीच चूक नाही. सापांच्या माद्या शुक्राणू काही काळ साठवून ठेवू शकतात. ही मादी तुमच्याकडे येण्याआधी साध्या नरासोबत ठेवलेली असेल तर ती शक्यता उरते, तेवढं एकदा विचारून घ्या. पण लहानपणापासून तुमच्याकडेच वाढलेली असेल तर तो विषय तिथेच संपला.

रंगावरून वंश ओळखण्याचं मला सर्वात भावलेलं उदाहरण बोआचंच आहे. २०१० मध्ये एका मादीबद्दल संशोधन प्रसिद्ध झालं. ती कॅरॅमल नावाच्या अप्रभावी रंगाची होती. तिने दोन वेतांत मिळून २२ पिल्लं दिली, सगळ्या माद्या आणि सगळ्या कॅरॅमल. तिच्यासोबत ठेवलेल्या नरांपैकी एकही त्या रंगाचा वाहक नव्हता. नराचा हातभार असता तर पिल्लं साधी दिसली असती. डीएनए तपासल्यावर नक्की झालं की ही पिल्लं बापाविना झालेली आहेत. तेव्हा सापांची लिंगगुणसूत्रं पक्ष्यांसारखी मानली जात, म्हणजे मादीत झेड-डब्ल्यू आणि नरात झेड-झेड. म्हणून या मुलींत दोन डब्ल्यू गुणसूत्रं असावीत असा निष्कर्ष निघाला आणि लोक चकित झाले, कारण अशी पिल्लं जगूच शकत नाहीत अशी समजूत होती. पुढे २०१७ मध्ये उलगडलं की बोआंत आपल्यासारखी एक्स-वाय पद्धत आहे. मग कोडं सुटलं. आईकडे वाय नाहीच, तर एकटीने दिलेल्या पिल्लांत नर येणार कुठून? हेच तुमच्या वेताला लावून बघा. तुमच्या मादीला पिल्लं एकटीने झाली असती तर ती सगळी तिच्यासारखी अल्बिनो असती. तपकिरी रंगच सांगतोय की बापाचा वाटा आहे.

आता या पिल्लांचं काय? ती वाया गेलेली नाहीत. प्रत्येक पिल्लू 'डबल हेट' आहे, म्हणजे दोन्ही वाणांचा लपलेला वाहक. भाऊ-बहिणीची जोडी लावली तर सरासरी १६ पैकी ९ पिल्लं साधी आणि ७ अल्बिनो दिसतील. त्या ७ मध्ये ३ काह्ल, ३ शार्प आणि १ दोन्ही असलेलं, पण कोणतं कोणतं हे डोळ्यांनी सांगता येणार नाही. साध्या दिसणाऱ्या ९ पैकी फक्त १ दोन्ही बाजूंनी कोरं असेल, बाकी ८ काही ना काही लपवून असतील. म्हणूनच मी ही जोडी लावू नका असं सांगेन. जन्मलेली अल्बिनो पिल्लं सुंदर दिसतील, पुढे ती कुणाच्या तरी घरी जातील आणि तो माणूस काही वर्षांनी तुमचाच प्रश्न विचारत बसेल.

भाऊ-बहीण जुळवण्याला माझा आणखी एक आक्षेप आहे. अप्रभावी रंग पटकन वाढवायचा म्हणून पूर्वी नात्यातल्या नात्यात खूप जोड्या लावल्या गेल्या आणि त्याची किंमत सापांनी मोजली. काह्ल वाणात डोळा लहान असलेली किंवा एक डोळाच नसलेली पिल्लं बऱ्याच पाळणाऱ्यांनी पाहिली आहेत. मीही एक हातात धरलंय. उजव्या बाजूला डोळ्याच्या जागी नुसता गुळगुळीत खवला. खायचं व्यवस्थित, पण भक्ष्य उजवीकडून आलं की दचकून मान मागे घ्यायचं. त्या पिल्लाने मला जे शिकवलं ते कुठल्या तक्त्याने शिकवलं नाही. बाहेरच्या, नात्यात नसलेल्या साध्या सापाशी जोडी लावा, एक पिढी जास्त थांबा. मादी जोडीला यायला तशीही तीन-चार वर्षं लागतात.

सगळेच रंग अल्बिनोसारखे चालत नाहीत, हेही लक्षात ठेवा. हायपो, ज्याला सॅमन म्हणतात, त्याची एकच प्रत पुरते. आई किंवा बाप एका प्रतीचा हायपो असेल तर साधारण अर्धी पिल्लं हायपो होतात, काळेपणा कमी आणि खोगिरं उजळ. काह्लमध्ये हायपो मिसळलं की सनग्लो. लाल रंग गाळणारं अॅनरी अल्बिनोशी जुळलं की स्नो, फिक्या गुलाबी-पांढऱ्या रंगाचा. मोटलीची गोष्ट वेगळी. एका प्रतीने पाठीवरचे डाग एकमेकांत मिसळून नक्षी बदलते, पण दोन प्रती आल्या की जवळजवळ नक्षी नसलेलं गडद पिल्लू जन्मतं आणि अशी बरीच पिल्लं लहानपणीच मरतात. दोन मोटलींची जोडी लावायचं मला काहीच कारण दिसत नाही.

तुमच्या दोन सापांचं नक्की काय ते कळायला सर्वात सोपा मार्ग म्हणजे ज्यांच्याकडून घेतले त्यांना वाणाचं नाव आणि आई-बापांचे फोटो मागणं. 'अल्बिनो' एवढंच उत्तर आलं तर पुन्हा विचारा. तेही न मिळालं तर खात्रीच्या काह्ल सापाशी जोडी लावून बघावी लागते. सगळी पिल्लं अल्बिनो आली तर तुमचा साप काह्ल, सगळी साधी आली तर नाही. दिसण्यावर जाऊ नका. शार्पमध्ये पांढरं आणि लाल जास्त ठळक असतं असं म्हणतात आणि पुष्कळदा ते खरंही असतं, पण वय आणि कात टाकायची वेळ यांनी रंग एवढा बदलतो की अनुभवी माणसंही चुकतात.

आणि आजच एक काम करा. पिल्लं जन्मानंतर आठवडा-दोन आठवड्यांत पहिली कात टाकतील. प्रत्येकाची कात सुकवून वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा, वर आई, बाप, जन्मतारीख आणि पिल्लाचा क्रमांक लिहा. पिल्लू दुसऱ्या कुणाला देताना 'हेट अल्बिनो' लिहू नका, 'आई-बाप दोन्ही अल्बिनो, वाण वेगळे असण्याची शक्यता, पिल्लं सगळी साधी' असं पूर्ण लिहून द्या. कागदांवर वाणाचं नाव सापडलं तर इथे कळवा, मग पुढच्या जोडीचं बोलू.