लेसर झालं, थेंब कोणते थांबवायचे?

प्रश्न : काचबिंदूमुळे आईच्या (वय ६२) डाव्या डोळ्यात लेसरने छिद्र पाडलं, उजव्याचं पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशी अंधूक दिसत होतं, भुवई ठणकत होती. आता डोळा शांत आहे, पण दिव्याखाली बसलं की पांढरी रेघ दिसते, म्हणते. आठवड्याने तिने दोन्ही थेंब बंद केले. चालेल का?

उत्तर : एक बाटली थांबवली ते बरोबर, दुसरी थांबवली ती चूक. बुबुळाच्या रंगीत पडद्याला छिद्र पाडताना रंगकण सुटतात, थोडी सूज येते. त्या सुजेसाठी स्टेरॉइडचे थेंब, साधारण दिवसातून ४ वेळा, ५ ते ७ दिवस. जुनी चिठ्ठी दाखवून ते पुन्हा आणू नका. लांबले तर काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो.

दुसरे थेंब दाब उतरवण्याचे. छिद्रामुळे बुबुळामागे अडलेल्या पाण्याला पुढे यायला वाट मिळते, पण निचऱ्याची जाळी आधीच खराब झाली असेल तर दाब चढलेलाच राहतो. दाब मोजून डॉक्टर सांगेपर्यंत ते बंद करायचे नाहीत. आजच फोन करा. थेंब घालताना खालची पापणी ओढून एकच घाला, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा २ मिनिटं दाबून धरा. दोन औषधांमध्ये ५ मिनिटं जाऊ द्या.

भुवई ठणकते ती बहुधा लेसरआधी बाहुली आकसायला घातलेल्या पायलोकार्पिनमुळे. रेघ दिसते ती छिद्रातून आत शिरणाऱ्या उजेडाची. त्रासदायक असली तरी धोक्याची नाही. बऱ्याच जणांना पुढे ती जाणवेनाशी होते.

उजव्याच्या वेळी लेसरनंतर तासाभराने दाब तपासल्याशिवाय निघू नका. तो उसळतो पहिल्या काही तासांत. टाके नसतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी अंघोळ, स्वयंपाक चालतो. डोळा चोळायचा नाही. उजव्याचं लेसर होईपर्यंत सर्दीच्या किंवा गाडी लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. त्यातल्या काहींनी बाहुली मोठी होते आणि अरुंद कोन (बुबुळाच्या कडेची, पाणी निचरा होण्याची फट) पूर्ण मिटू शकतो. डोळा जोरात दुखायला लागला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली, उलटी झाली, तर पित्त म्हणून सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.