मनाच्या डॉक्टरचं वॉर्डात काय काम?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, आमची पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबाग आहे. मुलगा आठ वर्षांचा. डोळे सुजले म्हणून नाशिकला दाखवलं, तर नेफ्रोटिक सिंड्रोम निघाला, म्हणजे लघवीवाटे प्रथिनं जाऊन अंग सुजण्याचा मूत्रपिंडाचा आजार. ॲडमिट केलं, स्टेरॉइड सुरू झालं. सूज उतरली, पण पोरगं ओळखू येईना. रात्री दोनपर्यंत जागतो, सारखं खायला मागतो, सुई दिसली की सिस्टरांना लाथा मारतो. परवा मला चावला. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, मानसोपचारतज्ज्ञांना बोलावतो. सासूबाई म्हणतात, पोराला येडं ठरवता का? मिस्टर छाटणीत अडकलेत, मी एकटीच आहे. मनाचे डॉक्टर येऊन काय करतात? झोपेच्या गोळ्या देतात का?
— एक आई

उत्तर : ताई, अंक हाती पडेपर्यंत तुम्ही घरी गेला असाल. तरी लिहिते, कारण या आजारात मूल पुन्हा सुजण्याची शक्यता बरीच असते, आणि हा प्रश्न पुन्हा उभा राहील.

सासूबाईंना आधी सांगा, येडं ठरवायला कुणी येत नाही. मला असा कॉल आला की मी आधी फाइल वाचते, मूल नंतर. कुठलं औषध कधी सुरू झालं आणि वागणं कधी बदललं, या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून काढते. तुमच्या मुलाच्या बाबतीत त्या बहुधा जवळजवळ येतील. स्टेरॉइडनं चिडचिड होते, झोप उडते, भूक खवळते. पहिल्या खेपेला हे औषध साधारण सहा आठवडे रोज आणि पुढे सहा आठवडे एक दिवसाआड देतात. तेव्हा हा पाहुणा काही दिवस राहणारच. दिवसातून दोनदा देत असतील तर सगळा डोस सकाळी देता येईल का, हे बालरोगतज्ज्ञांना विचारा. पुष्कळदा एवढ्यानं झोप सुधारते, गोळी लागत नाही. स्वतःहून मात्र औषध बंद करू नका. स्टेरॉइड अचानक थांबवलं तर शरीर कोलमडू शकतं.

त्यातून सूज असेपर्यंत मीठ कमी. नाशिकच्या पोराला अशी भूक लागलेली असताना शेजारच्या खाटेवर चिवड्याची पुडी फुटते. मीसुद्धा चावले असते.

ओरडणाऱ्या मुलाची मला तितकी धास्ती नसते. या आजारात मूल एकाएकी सुस्तावलं, डोकं दुखतं म्हणालं, उलटी झाली, असंबद्ध बोलायला लागलं, तर ते मनाचं समजून बसू नका. रक्तदाब वाढलेला असू शकतो, रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं, मेंदूच्या शिरेत गुठळी झालेली असू शकते. अशा वेळी मनाची डॉक्टर आधी रक्तदाब मोजायला लावते. म्हणूनच हा डॉक्टर आधी डॉक्टर असावा लागतो.

आता सुईचं. ‘काही नाही होत, मुंगी चावेल’ असं कुणीतरी सांगितलं असणार. पहिल्यांदा त्यानं विश्वास ठेवला, दुसऱ्यांदा लाथ मारली. त्यात त्याचं काय चुकलं? त्याला सांगा, ‘टोचेल, दहा मोजेपर्यंत दुखेल, मग संपेल.’ कुठल्या हाताला टोचायचं ते त्याला ठरवू दे. बधिर करणारं मलम मिळतं, ते साधारण तासभर आधी लावावं लागतं, म्हणून सिस्टरांना आधीच विचारून ठेवा. आणि जमेल तर सुई त्याच्या खाटेवर नको, ड्रेसिंगच्या खोलीत होऊ दे. झोपायच्या जागेची तरी धास्ती नको. तुम्ही मात्र त्याच्याजवळच राहा. एके काळी दवाखान्यात आईवडिलांना भेटायचीसुद्धा ठरावीक वेळ असे. १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीनं शिफारस केली, की आईवडिलांना मुलाला केव्हाही भेटू द्यावं आणि लहान मुलांच्या आईला सोबत राहता यावं. तेव्हा ‘आई असली की जास्त रडतो, बाहेर थांबा’ असं कुणी म्हटलं तर नम्रपणे बसून राहा.

एक प्रश्न त्याला जरूर विचारा : ‘तुला काय वाटतं, हे कशामुळे झालं?’ त्र्यंबककडच्या एका मुलानं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) मला दोन दिवस काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही जमिनीवर बसून बैल काढत होतो. बैलाचं शिंग रंगवता रंगवता तो म्हणाला, ‘मी म्हसोबाच्या दगडापाशी शू केली होती.’ वॉर्डात रोज त्याची लघवी डबीत घेत होते, पट्टी बुडवून बघत होते. त्याच्या हिशेबानं सगळं बरोबर जुळत होतं! त्याला सांगितलं, की मूत्रपिंडात बारीक गाळण्या असतात, त्या सैल झाल्यात, गोळी त्यांना घट्ट करते, आणि यात म्हसोबाचा काही संबंध नाही. आजोबांकरवीही तेच सांगवलं, कारण म्हसोबाबद्दल माझ्या शब्दाला काय किंमत? त्या दिवशी त्यानं रक्त काढायला हात पुढे केला.

प्रश्न : मी मानसोपचारात एमडी करतो आहे. मुलांच्या वॉर्डातून कॉल आला की हात गळतात. ओपीडीतली एकही युक्ती तिथं चालत नाही. काय शिकून जाऊ?
— निवासी डॉक्टर, नाशिक

उत्तर : ओपीडीत तुझ्यापाशी खोली असते, दार असतं, अर्धा तास असतो. वॉर्डात पडदासुद्धा धड लागत नाही आणि मधेच कुणी सलाईन बदलायला येतं. तेव्हा बसायला शीक. स्टूल घे, मुलाच्या डोळ्यांच्या खाली ये. ‘तू कसा आहेस’ याला उत्तर मिळत नाही. ‘इथलं जेवण कसं आहे’ याला मिळतं.

औषधांची यादी तोंडपाठ कर, आपल्याच नव्हे, त्यांच्याही. हट्टी क्षयासाठी लिनेझोलिड चालू असलेल्या मुलीला तू नैराश्यावरचं फ्लुओक्सेटिन लिहून दिलंस तर मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढून जिवावर बेतू शकतं. उलट्यांसाठी ओंडॅनसेट्रॉन चालू असेल तर भ्रमावरचं हॅलोपेरिडॉल लिहिण्याआधी ईसीजी बघ, कारण दोन्हींनी हृदयाचा ठेका बिघडू शकतो.

माझी एक चूक सांगते. नवी असताना एका दवाखान्यात दहा वर्षांची मुलगी बघितली. जंतुसंसर्गानं आजारी, गप्प, भिंतीकडे तोंड. मी ‘नैराश्य’ लिहून निघाले. रात्रपाळीच्या सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी गाठलं : ‘मॅडम, ही रात्रभर चादरीवरून काहीतरी वेचत असते.’ परत जाऊन तिला वार उलटे म्हणायला लावले. रविवार, शनिवार, आणि मग ती हरवली. तो डिलिरियम होता, म्हणजे शरीराच्या आजारानं मेंदूचं भान हरपणं, आणि तोही गप्प बसवणारा. औषध मनावर नको होतं, संसर्गावर हवं होतं. उपचार बदलले, रात्री दिवे मंद केले, समोर घड्याळ लावलं, आईला जवळ ठेवलं. पाचव्या दिवशी तिनं वार उलटे घडाघडा म्हणून दाखवले आणि मला विचारलं, ‘आता महिने म्हणू?’